विजेची गाडी

(सोलापूरहून मुंबईला जाणारी रेल्वेगाडी आता विजेवर धावते. ही वीज गाडीपर्यंत कशी पोहोचते, गाडी घाट कशी चढते, आणि विमानतळाकडे नेणारी गाडी वेगळी का असते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सोलापूरच्या रेल्वे स्थानकावर तुम्ही कधी ना कधी गेला असाल. पुन्हा गेलात की फलाटावर उभे राहून वर पाहा. रुळांच्या कडेला ओळीने लोखंडी खांब उभे आहेत. त्या खांबांना आडवे हात आहेत आणि त्या हातांना तारा टांगलेल्या आहेत. दिसायला या तारा साध्याच आहेत. पण शेकडो प्रवाशांना घेऊन जाणारी आख्खी गाडी या तारांतून येणाऱ्या शक्तीवर धावते.

सोलापूर आणि मुंबई यांच्यामध्ये ४५५ किलोमीटरचे अंतर आहे. कोणी मुंबईच्या रुग्णालयात जातो, कोणी कापडाच्या व्यापारासाठी जातो, कोणी परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी जातो. आखाती देशांत नोकरीला जाणारे, परदेशी शिकायला जाणारे, हजला जाणारे असे कितीतरी लोक मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्यासाठी घरून निघतात. विमान कोणाची वाट पाहत नाही. गाडीला उशीर झाला तर तिकिटाचे पैसे जातात आणि कधी कधी हाती आलेली नोकरीही जाते. म्हणून गाडी वेगवान असावी, वेळेवर यावी आणि सुरक्षित असावी, असे प्रत्येकाला वाटते. हे तिन्ही गुण गाडीत कसे येतात, ते आता पाहू या.

आपल्या भागात रेल्वे फार पूर्वी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६० मध्ये, पुण्याकडून येणारा लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. परंतु मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीचा बोरघाट आडवा होता. घाटातील मार्गाचे काम १८५६ पासून चालू होते. हजारो मजूर तेथे राबत होते. डोंगर फोडताना झालेल्या अपघातांत आणि पटकीसारख्या रोगांच्या साथींत कित्येक मजुरांचे प्राण गेले. या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हेही १८५९ मध्ये आजारी पडून वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवले. अखेर १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली आणि सोलापूरचा प्रवासी गाडीनेच मुंबईपर्यंत जाऊ लागला.

त्या काळी गाड्या वाफेच्या इंजिनावर चालत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर चाके फिरवायची. घाट चढताना इंजिनाची दमछाक होई. बोगद्यात धूर कोंडे. प्रवाशांच्या कपड्यांवर काजळी बसे. त्यामुळे या मार्गासाठी दुसऱ्या शक्तीचा विचार सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये विजेची तार घाट चढून पुण्याला पोहोचली. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, प्रसिद्ध ‘डेक्कन क्वीन’ म्हणजेच ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. घाटात मालगाड्या ओढण्यासाठी परदेशातून खास विजेची इंजिने आणली होती. ती चालताना विचित्र आवाज करीत. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव ठेवले! त्यांतील एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

पुण्यापर्यंत आलेली ही तार पुढे मात्र अनेक दशके सरकली नाही. पुण्यापासून सोलापूरपर्यंत आधी वाफेचे आणि नंतर डिझेलचे इंजिन गाडी ओढत असे. २०१७ मध्ये दौंडपर्यंत वीज आली. त्यानंतरच्या काही वर्षांत ती सोलापूरला पोहोचली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर विभागातील औसा रोड ते लातूर रोड या ५२ किलोमीटरच्या मार्गावर वीज आली आणि मध्य रेल्वेच्या सर्व रुंद मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. त्याच महिन्यात, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, मुंबई आणि सोलापूर यांच्यामध्ये ‘वंदे भारत एक्सप्रेस’ ही नवी विजेची गाडी सुरू झाली.

विजेची गाडी आणि डिझेलची गाडी यांत मोठा फरक कोणता? डिझेलचे इंजिन आपले इंधन आपल्याबरोबर घेऊन फिरते. विजेच्या गाडीला इंधन वाहून न्यावे लागत नाही. तिची शक्ती दूर कोठेतरी वीजकेंद्रात तयार होते आणि तारेतून तिच्याकडे येते. सोलापूरजवळ फताटेवाडी येथे १३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांतून, धरणांवरून, पवनचक्क्यांतून आणि सौर पट्ट्यांतून तयार झालेली वीज देशभर पसरलेल्या तारांच्या जाळ्यात येते. त्या जाळ्यातून रेल्वे आपल्याला हवी तेवढी वीज घेते. कोळशाच्या केंद्रात धूर होतोच, हे खरे आहे. पण पवनचक्क्या आणि सौर पट्ट्या जसजशा वाढतील, तसतशी तीच गाडी काही बदल न करता अधिक स्वच्छ होत जाईल. शिवाय डिझेल ज्या खनिज तेलापासून बनते, त्यातील बहुतेक तेल आपल्या देशाला बाहेरून विकत आणावे लागते. तो खर्चही वाचतो.

आता विजेचा मार्ग समजून घेऊ. जाळ्यातून आलेली वीज प्रथम रेल्वेच्या उपकेंद्रात येते. अशी उपकेंद्रे लोहमार्गाच्या कडेला काही अंतराने बांधलेली असतात. तेथे विजेचा दाब २५,००० व्होल्ट केला जातो आणि ती रुळांवरच्या तारेत सोडली जाते. आपल्या घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. म्हणजे रेल्वेच्या तारेतील दाब घरातील दाबाच्या शंभर पटींहून अधिक असतो.

एवढा मोठा दाब कशासाठी? एक सोपे गणित करू. समजा, एका गाडीला ६,००० किलोवॉट म्हणजे ६० लाख वॉट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. मुंबई-पुणे मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टची वीज होती. त्या दाबाने ही शक्ती द्यायची तर तारेतून ४,००० अँपिअर प्रवाह न्यावा लागेल. दाब २५,००० व्होल्ट केला तर फक्त २४० अँपिअर पुरतात. तारेतून जास्त प्रवाह गेला की तार जास्त तापते आणि वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर ही नासाडी चौपट होते. म्हणून दाब जास्त आणि प्रवाह कमी ठेवणे फायद्याचे असते. तारही बारीक चालते आणि उपकेंद्रेही दूर दूर बांधता येतात. याच कारणाने कल्याण-पुणे मार्गावरची जुनी १,५०० व्होल्टची व्यवस्था पुढे बदलण्यात आली. मुंबईतील उपनगरी मार्गांवरचे हे काम २०१६ मध्ये पूर्ण झाले.

गाडीच्या छपरावर एक घडीची चौकट असते. तिला पेंटोग्राफ म्हणतात. ही चौकट वर उचलली की तिच्या माथ्यावरची पट्टी खालून तारेला टेकते. गाडी धावत असताना पट्टी तारेला घासत जाते आणि वीज आत घेते. पट्टीचा जोर बेताचाच असावा लागतो. जोर कमी पडला तर तार आणि पट्टी यांच्यात फट पडते आणि ठिणग्या उडतात. जोर जास्त झाला तर तार झिजते. साधारण सहा-सात किलो वजन उचलण्याइतका जोर पुरेसा होतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. तार रुळांच्या मधोमध सरळ जाते, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. एका खांबाजवळ ती मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर डावीकडे असते, तर पुढच्या खांबाजवळ तेवढीच उजवीकडे असते. म्हणजे तार नागमोडी बांधलेली असते. असे का? तार सरळ असती तर पट्टीवर एकाच जागी घासली असती. काही दिवसांतच तेथे खोल खाच पडली असती आणि पट्टी तुटली असती. तार नागमोडी असल्यामुळे ती पट्टीवर या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत राहते. त्यामुळे पट्टी सगळीकडे सारखी झिजते.

दुसरी अडचण उन्हाची. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उष्णतेने तांबे प्रसरण पावते. ७५० मीटर लांबीची तांब्याची तार ३० अंशांनी तापली तर सुमारे ३८ सेंटिमीटर वाढते. मग ती सैल पडून खाली लोंबणार नाही का? यावर एक साधा उपाय केलेला असतो. तारेचे टोक कप्पीवरून घेऊन त्याला जड वजने टांगलेली असतात. तार वाढली की वजने खाली येतात, तार आखडली की वजने वर जातात. तार मात्र नेहमी ताठ राहते. विहिरीवरच्या रहाटासारखीच ही युक्ती आहे. रुळांच्या कडेला काही खांबांवर एकावर एक रचलेल्या जाड चकत्या टांगलेल्या दिसतात, त्या याच कामासाठी असतात.

पेंटोग्राफमधून वीज आत आली तरी ती लगेच चाकांकडे जात नाही. प्रथम रोहित्र तिचा दाब कमी करते. मग इलेक्ट्रॉनिक यंत्रे तिला मोटारींना हवे तसे रूप देतात. गाडीला हळू न्यायचे असेल तर प्रवाहाची आवर्तने कमी केली जातात, वेगाने न्यायचे असेल तर ती वाढवली जातात. मोटारी फिरतात, दातेरी चक्रांच्या साहाय्याने चाकांना फिरवतात आणि गाडी पुढे सरकते. काम करून झालेली वीज चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांमार्गे उपकेंद्राकडे परत जाते. अशा रीतीने वर तार आणि खाली रूळ मिळून विजेचे वर्तुळ पूर्ण होते.

जुन्या गाड्यांना पुढे एक इंजिन असे आणि ते सर्व डबे ओढून नेत असे. वंदे भारत गाडीला वेगळे इंजिन नाही. ही गाडी चेन्नईच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात तयार झाली. सोलापूरची गाडी सुरू झाली तेव्हा तिला सोळा डबे होते. सोळा डब्यांच्या गाडीत आठ डब्यांच्या चाकांना मोटारी बसवलेल्या असतात. रोहित्र आणि इतर यंत्रे डब्यांच्या तळाशी असतात. एका बैलाने जड गाडा ओढण्याऐवजी अनेक बैल जुंपावेत, तसाच हा प्रकार आहे. सर्व मोटारी एकदम जोर लावतात, त्यामुळे गाडी थांब्यावरून निघाल्यावर लवकर वेग घेते. चालकाची खोली दोन्ही टोकांना असते. मुंबईला पोहोचल्यावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडण्याची गरज राहत नाही. चालक दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी परतीला तयार होते.

या रचनेची खरी परीक्षा बोरघाटात होते. तेथे दर ३७ मीटर अंतराला एक मीटर चढ आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ फार वाटणार नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते. म्हणून रेल्वेसाठी हा चढ फार मोठा आहे. इतर गाड्यांना घाट चढताना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. ती गाडीला वर ढकलतात आणि तिला मागे घसरू देत नाहीत. वंदे भारत गाडीत शक्ती अनेक डब्यांत वाटलेली असते. त्यामुळे अनेक चाके एकाच वेळी रुळांना धरून चढतात. उभ्या गाडीला चढावर जागच्या जागी धरून ठेवणारे खास ब्रेकही तिला आहेत. म्हणून जादा इंजिनाशिवाय ती घाट चढते.

उतरतानाची गोष्ट तर आणखी रंजक आहे. गाडी उताराला लागली की चालक मोटारींची वीज बंद करतो. तरीही चाके फिरतच असतात आणि मोटारींनाही फिरवतात. चाकाने फिरवलेली मोटार वीज खर्च करीत नाही, उलट ती वीज तयार करू लागते! असे करताना ती चाकाला विरोध करते आणि गाडीचा वेग आवरला जातो. तयार झालेली वीज पेंटोग्राफमधून तारेत परत जाते. त्याच वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल तर ती वीज तिच्या कामी येते. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते, असेच म्हणा ना! साध्या ब्रेकमध्ये ही शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते आणि ब्रेकचे ठोकळेही झिजतात.

गाडी चालवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. रेल्वेच्या चालकाला आता लोको पायलट म्हणतात. त्याच्यासोबत एक सहायक असतो. पुढचा सिग्नल दिसला की दोघेही त्याचा रंग मोठ्याने उच्चारतात. म्हणजे एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याच्या ध्यानात येते. चालकाने ठरावीक वेळात कोणतीच कळ हलवली नाही, तर यंत्र त्याला इशारा देते. त्यालाही उत्तर मिळाले नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. मार्गावर काही ठिकाणी तारेचा छोटा तुकडा मुद्दाम विजेविना ठेवलेला असतो. तेथे एका उपकेंद्राची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. त्या तुकड्याआधी पाटी लावलेली असते. पाटी दिसताच वीज तोडायची, आलेल्या वेगावर गाडी पुढे न्यायची आणि तुकडा ओलांडल्यावर वीज पुन्हा जोडायची, असा नियम आहे.

१३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी घेऊन गेल्या सुरेखा यादव. त्या साताऱ्याच्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या रेल्वेच्या इंजिनावर रुजू झाल्या. त्या काळी हे काम पुरुषांचेच समजले जाई. भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी मालगाड्या चालवल्या, मुंबईच्या लोकल गाड्या चालवल्या, घाटातील गाड्याही चालवल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. यंत्राला चालवणारा हात स्त्रीचा की पुरुषाचा, हे कळत नाही. त्याला फक्त सावध डोळे आणि शिस्त हवी असते.

सोलापूरची वंदे भारत सुरू झाली तेव्हा हा ४५५ किलोमीटरचा प्रवास साडेसहा तासांत होईल, असे वेळापत्रक ठरले. म्हणजे ताशी सरासरी ७० किलोमीटर. या गाडीची रचना तर ताशी १८० किलोमीटर वेग सोसेल अशी आहे. मग सरासरी इतकी कमी का? कारण वेग केवळ गाडीवर अवलंबून नसतो. मार्गात वळणे असतात, घाट असतो, थांबे असतात, पुढे-मागे दुसऱ्या गाड्या असतात. रूळ, पूल, सिग्नल आणि तार ही सगळी तितक्याच वेगाला लायक असावी लागतात.

ही गोष्ट दिल्लीच्या विमानतळ गाडीने चांगली शिकवली. विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या गरजा वेगळ्या असतात. त्याच्याजवळ मोठ्या पेट्या असतात. त्याला ठरलेल्या वेळी पोहोचायचेच असते. म्हणून अशा गाडीत सामान ठेवायला जागा असते, दरवाजे रुंद असतात, फलाट आणि डबा एका पातळीवर असतात आणि थांबे मोजकेच असतात. २३ फेब्रुवारी २०११ रोजी नवी दिल्ली स्थानकापासून विमानतळमार्गे द्वारकेपर्यंत अशी गाडी सुरू झाली. तिलाही २५,००० व्होल्टचीच वीज मिळते. सुमारे २३ किलोमीटरच्या या मार्गावर सहाच स्थानके होती. पण २०१२ च्या जुलै महिन्यात पुलाच्या आधारांत दोष आढळले आणि गाडी बंद करावी लागली. दुरुस्तीनंतर जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच ठेवण्यात आला. पुढे तपासणी करीत करीत वेग हळूहळू वाढवण्यात आला. २०२३ मध्ये तो ताशी १२० किलोमीटर झाला. आधी सुरक्षितता आणि मग वेग, हा रेल्वेचा पहिला धडा आहे.

मुंबईच्या विमानतळालाही आता भुयारी मेट्रो जोडली आहे. कफ परेड ते आरे हा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. या मार्गावर एकूण २७ स्थानके आहेत. त्यांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांची स्थानकेही आहेत. ही दिल्लीसारखी जलद गाडी नाही. ती प्रत्येक स्थानकावर थांबते. तरीही रस्त्यावरच्या गर्दीत तिला अडकावे लागत नाही, म्हणून टर्मिनसपासून विमानतळ तासाभराच्या आत गाठता येतो. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी नेमकी जागेवर थांबली की भिंतीचे आणि डब्याचे दरवाजे एकाच वेळी उघडतात. त्यामुळे कोणी रुळांवर पडण्याची भीती राहत नाही.

म्हणजे पाहा, सोलापूरहून निघालेला प्रवासी आता विजेच्या गाडीने मुंबईला जाऊ शकतो आणि तेथून विजेच्याच गाडीने विमानतळाच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. ज्या प्रवासासाठी १८६३ पूर्वीच्या प्रवाशाला घाटात गाडी सोडून रस्त्याने उतरावे लागले असते, तो प्रवास आज सकाळी निघून दुपारपर्यंत होतो.

मात्र ही सोय वापरताना एक गोष्ट कधीही विसरू नका. डिझेलच्या काळात रुळांवर नुसत्या गाड्या होत्या. आता त्यांच्यावर २५,००० व्होल्टची तार आहे. एवढ्या दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही. माणूस तारेच्या जवळ गेला तर ती मधल्या हवेतून उडी घेते. उभ्या मालगाडीच्या छपरावर फोटो काढण्यासाठी चढलेली कित्येक मुले अशीच भाजून मेली आहेत. त्यांनी तारेला हातही लावला नव्हता. तारेपासून किमान दोन मीटर दूर राहावे, असा रेल्वेचा इशारा आहे. लोहमार्गाजवळ पतंग उडवू नका. तारेत अडकलेला पतंग कोणत्याही काठीने काढायला जाऊ नका. पूल ओलांडताना लांब काठी किंवा नळी खाली धरू नका. विजेची गाडी फारसा आवाज न करता येते आणि ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. म्हणून रूळ ओलांडायचे असतील तर पुलावरूनच जा.

वीज ही माणसाची मोठी ताकदवान मदतनीस आहे. ती न दमता घाट चढते, धूर न करता बोगद्यातून जाते आणि उतरताना वाचवलेली शक्ती दुसऱ्याला देते. आपण तिचे नियम समजून घेतले आणि पाळले, तर ती आपल्याला मुक्कामाला सुखरूप पोहोचवते.

शब्दार्थ

पटकी – एक जीवघेणा साथीचा रोग, हैजा
दमछाक – फार थकवा
काजळी – धुराचा काळा थर
उपकेंद्र – वीज घेऊन पुढे देण्याचे ठिकाण
रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे यंत्र
नागमोडी – सापासारखे वळणावळणाचे
प्रसरण पावणे – आकाराने वाढणे
आवर्तन – पुन्हा पुन्हा होणारा फेरा
सुखरूप – कोणतीही इजा न होता, सहीसलामत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) भारतातील पहिली विजेची गाडी कोठून कोठे धावली?
(२) सोलापूरला लोहमार्ग कोणत्या वर्षी पोहोचला?
(३) गाडीच्या छपरावरील चौकटीला काय म्हणतात?
(४) बोरघाटात किती मीटरला एक मीटर चढ आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(१) रुळांवरची तार नागमोडी बांधतात.
(२) तारेच्या टोकाला जड वजने टांगतात.
(३) चालक आणि सहायक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारतात.
(४) दिल्लीची विमानतळ गाडी २०१२ मध्ये बंद ठेवावी लागली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) घाट उतरताना गाडी वीज कशी तयार करते?
(२) विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत कोणत्या सोयी असाव्या लागतात? का?
(३) विजेच्या तारेजवळ कोणती काळजी घ्यावी?

प्र. ४. गणित करून पाहा.
एका गाडीला ३,००० किलोवॉट शक्ती हवी आहे. तारेतील दाब २५,००० व्होल्ट असेल तर किती अँपिअर प्रवाह लागेल? दाब १,५०० व्होल्ट असेल तर किती लागेल?

प्र. ५. खालील शब्द वाक्यांत वापरा.
फायदा, इशारा, ताकद, मुक्काम, सुखरूप

उपक्रम : मोठ्या माणसांसोबत रेल्वे स्थानकावर जा. फलाटावरूनच खांब, तारा, टांगलेली वजने आणि पेंटोग्राफ पाहा. त्यांचे चित्र काढून प्रत्येक भागाचे काम मराठीत लिहा.